नाक्याच्या अलीकडची सीमा

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीहून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की झाई लागते आणि झाईची हद्द संपली की गुजरात सुरू होते. रेल्वेने गेले तर घोलवड हे पश्चिम रेल्वेवरचे महाराष्ट्रातले शेवटचे स्टेशन. पुढचे उंबरगाव रोड गुजरातचे. मधल्या अंतरात कुणी कुणाला थांबवत नाही. मासळीचा बाजार, चिकूच्या बागांवरची मजुरी, उंबरगावच्या कारखान्यांतली पाळी आणि लग्नाच्या सोयरिकी हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरल्या आहेत. 1 मे 1960 पूर्वी उंबरगाव तालुकाही बोर्डीसारखाच ठाणे जिल्ह्यात होता. हद्द आखली गेली तरी माणसांची जा-ये चालूच राहिली.

विमानप्रवासात आणि सीमा ओलांडण्यात डिजिटल तंत्राने होत असलेला बदल हा या पुस्तकाचा विषय आहे. असा विषय बहुधा एखाद्या मोठ्या विमानतळापासून सांगायला घेतात. या प्रस्तावनेत तो बोर्डीपासून सांगायचा आहे, आणि त्याला कारण आहे. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या माणसांना जमिनीची, समुद्राची आणि आता विमानतळावरची अशा तिन्ही सीमा पोटापाण्याच्या निमित्ताने भेटतात. तिन्ही ठिकाणी घडलेला बदल मुळात एकच आहे. पूर्वी माणूस सीमेवर पोहोचायचा, मग त्याची चौकशी व्हायची. आता चौकशी आधी होते आणि माणूस नंतर पोहोचतो. एवढे ध्यानात ठेवले तर पुढच्या पानांतले तंत्र समजायला अवघड नाही.

सीमा ओलांडून येणे हे या टापूला नवे नाही. इराणातून निघालेले झरथुष्ट्री बोर्डीच्या उत्तरेला काही मैलांवर, संजाणला उतरले, असे पारशी परंपरा सांगते. संजाणवर संकट आल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांत बारा वर्षे जपला, असेही ती सांगते. तो आज उदवाड्यात आहे. फार पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, इराणातून आणखी कुटुंबे आली आणि बोर्डी, घोलवड, डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत स्थिरावली. त्या काळी परक्या किनाऱ्यावर उतरणाऱ्याला आपण कोण, हे तोंडाने सांगावे लागे आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा लागे.

जवळच्या काळातली एक घटना आज विसरली गेली आहे. तलासरीच्या पलीकडच्या दादरा आणि नगर हवेलीवर 1954 पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या वर्षीच्या मुक्तिलढ्यात महाराष्ट्रातले तरुण होते, संगीतकार सुधीर फडके होते. दमणहून या मुलखात जायचे तर मधली भारतीय भूमी ओलांडावी लागे. भारताने ती वाट बंद केली, तेव्हा पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता. आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. वापीच्या आसपासच्या काही मैलांसाठी जगातल्या सर्वोच्च न्यायासनाने माणसांची वर्गवारी केली. अशीच वर्गवारी आज संगणक करतो. फरक इतकाच की तेव्हा वकील उभे होते, युक्तिवाद होता, आणि निकालाची कारणे लिहून दिली गेली.

आता महामार्गावर येऊ. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर तलासरी तालुक्यातले आच्छाड आणि पलीकडचे भिलाड ही नावे ट्रकवाल्यांच्या दोन पिढ्यांना पाठ आहेत. नाक्यावरची रांग, हातातली कागदांची पिशवी, वजनकाटा, साहेब जेवायला गेल्यामुळे थांबलेले काम, आणि रांगेच्या आधाराने उभे राहिलेले ढाबे, पंक्चरवाले, चहाच्या टपऱ्या. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला. 1 एप्रिल 2018 पासून परराज्यात जाणाऱ्या, 50,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालासाठी ई-वे बिल लागू झाले. माल कुणाचा, कुठून कुठे, कोणत्या गाडीतून, हे गाडी निघण्यापूर्वीच संगणकावर नोंदले जाऊ लागले. गुजरातने 20 नोव्हेंबर 2019 पासून परिवहन खात्याचे आपले तपासणी नाके बंद केले. 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि चारोटीच्या टोलनाक्यावर सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत संपत गेली. रस्त्यावरचा वेळ वाचला, वरकमाईच्या जागा कमी झाल्या. हा लाभ खरा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

पण चौकशी बंद झाली नाही. ती गोदामातल्या संगणकापाशी गेली. ई-वे बिलात गाडीचा नंबर एका आकड्याने चुकला, तर भरारी पथकाने अडवल्यावर ट्रकचालकाच्या हातात काही नसते. दुरुस्ती करणारा माणूस दूरच्या शहरात बसलेला असतो. पूर्वी चालक नाक्यावरच्या कारकुनाशी भांडू शकत होता, विनवू शकत होता. आता त्याच्यासमोर उभा असलेला अधिकारीही पडद्यावर दिसते तेच वाचून दाखवतो.

पुसट झालेली हद्द किती चटकन टणक होते, हे करोनाने दाखवले. 2020 मध्ये महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला मोबाइलवरचा ई-पास लागत होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गुजरातहून येणाऱ्यांसाठी आरटी-पीसीआर चाचणीचा अहवाल सक्तीचा झाला. पुढच्या वसंतात गुजरातने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तोच नियम लावला. पहिल्या टाळेबंदीत डहाणू-तलासरीचे खलाशी गुजरातच्या बंदरांत बोटींवर अडकून पडले. ज्या उंबरगावला माणसे सायकलने कामाला जात, तिथे जायला परवानगी, तीही फोनवर, हे अनेकांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडले.

विमानतळावरचा बदल या पार्श्वभूमीवर पाहावा. 1 डिसेंबर 2022 ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसी इथे डिजियात्रा सुरू झाली. पुढच्या वर्षी ती पुण्याला आणि मुंबईला आली. देशांतर्गत प्रवासी आपल्या फोनवर आधारच्या साह्याने ओळख पटवतो, चेहऱ्याचा फोटो देतो, बोर्डिंग पास जोडतो, आणि दारातला कॅमेरा चेहरा जुळला की फाटक उघडतो. विमान सुटल्यानंतर 24 तासांत विमानतळाने ही माहिती पुसावी, असा नियम आहे आणि सारी योजना ऐच्छिक आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी 22 जून 2024 ला दिल्लीत आणि 16 जानेवारी 2025 ला मुंबईसह आणखी सात विमानतळांवर जलद इमिग्रेशनची सोय झाली. आधी नोंदणी करून बोटांचे ठसे आणि चेहरा दिला की भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक स्वयंचलित दारातून जाऊ शकतात. 2022 च्या नियमांनी विमान कंपन्यांना प्रवाशांच्या आरक्षणाची माहिती उड्डाणाच्या 24 तास आधी सीमाशुल्क खात्याला देण्याचे बंधन घातले. अधिकारी शिक्का उचलतो तोवर निर्णय बहुतेक झालेला असतो.

या साऱ्याचा पाया पासपोर्टात आहे. 1 एप्रिल 2024 पासून भारताने चिप असलेले ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात केली. चिपमध्ये धारकाचा तपशील आणि चेहरा असतो आणि त्यावर देशाची डिजिटल सही असते, त्यामुळे आतली माहिती कुणी बदलली तर पकडली जाते. पण चिपची किल्ली छापील पानावरच आहे. फोटोच्या पानाच्या तळाशी प्रत्येकी 44 चिन्हांच्या दोन ओळी असतात. पहिलीत आडनाव आणि नाव. दुसरीत पासपोर्टचा क्रमांक, देश, जन्मतारीख, मुदत. यंत्र आधी या ओळी वाचते आणि त्यांच्या आधारे चिप उघडते.

त्यातली जन्मतारीख जवळून पाहा. 1 जून 1975 ही तारीख तिथे 750601 अशी छापतात आणि तिच्यामागे आणखी एक आकडा असतो. तो असा काढतात: सहा आकड्यांना क्रमाने 7, 3, 1, 7, 3, 1 यांनी गुणायचे. 49, 15, 0, 42, 0 आणि 1. बेरीज 107, आणि तिचा शेवटचा अंक 7. यंत्राने वाचताना 6 चा 8 केला तर हा हिशेब जुळत नाही आणि चूक कळते. आता 1 जून हीच तारीख का घेतली, ते मराठी वाचकाला सांगायला नको. घरी जन्मलेल्या, जन्माची नोंद नसलेल्या लाखो मुलांना शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेली ही तारीख आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एका घरातल्या दोन-तीन भावंडांचा वाढदिवस 1 जूनला असतो. तळाचा तो 7 सांगतो की तारीख बरोबर वाचली. माणूस त्या दिवशी जन्मला की नाही, हे तो सांगू शकत नाही. यंत्र नोंदीशी नोंद ताडून पाहते. पहिली नोंद माणसाने केलेली असते, घाईत, अंदाजाने, कधी ज्याची नोंद त्याला न विचारता. पुढचे सारे तंत्र त्या पहिल्या नोंदीवर उभे असते.

नावाचेही तसेच. आपण नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव असे लिहितो; पासपोर्टाचे खाने वेगळे आहेत. लग्नानंतर बाईचे नाव रेशन कार्डावर बदलते, दाखल्यावर बदलत नाही, बँकेत अर्धे बदलते. घोलवडमधल्या ‘व’ला कुणी एक रोमन अक्षर लावतो, कुणी दुसरे. गावात याने कुणाचे अडत नाही, सगळे एकमेकांना ओळखतात. अडते ते संगणकापाशी, कारण त्याच्या लेखी एक अक्षर बदलले की माणूस दुसरा. शिवाय हातांचा प्रश्न आहे. मिठागरात, शेतात, जाळ्यावर राबलेल्या बोटांचे ठसे झिजतात. रेशनच्या दुकानात ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य या भागात रोज ऐकू येते. उद्या प्रत्येक दार बोटाने आणि चेहऱ्याने उघडणार असेल, तर हे वाक्य दुकानापुरते राहणार नाही.

तिसरी सीमा समुद्रातली, आणि तिची किंमत या दोन तालुक्यांनी सर्वांत जास्त मोजली आहे. पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठली की इथले शेकडो आदिवासी तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळच्या ट्रॉलरांवर खलाशी म्हणून जातात. भारत-पाकिस्तान सागरी सीमेवर कुंपण नाही, पाटी नाही. मासळीच्या मागे गेलेली किंवा प्रवाहाने ओढलेली बोट पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागली की तिच्यातली माणसे कराचीच्या मालीर तुरुंगात जातात. 2024 मध्ये तिथे मरण पावलेल्या डहाणूच्या एका खलाशाचा मृतदेह गावी यायला महिन्याहून अधिक काळ लागला.

30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांनी पालघरमध्येच मच्छीमार बोटींसाठी उपग्रहाशी जोडलेल्या संपर्क यंत्रणेची देशव्यापी योजना सुरू केली. सुमारे 360 कोटी रुपयांच्या या योजनेत 13 किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपाँडर बसवायचा आहे. मोबाइलची रेंज संपल्यावरही त्यावरून दोन्ही बाजूंनी संदेश जातो, वादळाची सूचना मिळते आणि सागरी सीमा जवळ आली की इशारा मिळतो. न दिसणारी सीमा दिसू लागणे, हे या विषयातले तंत्राचे सर्वांत निखळ उपकारक रूप आहे. विमानतळावर अर्धा तास वाचतो. इथे एका घराची दोन-तीन वर्षे वाचू शकतात. हे यंत्र प्रत्येक बोटीवर असावे, चालू असावे, आणि तांडेलाबरोबर खलाशालाही त्याचा इशारा कळावा, इतकी मागणी तरी आपण आग्रहाने केली पाहिजे.

पकडलेल्या माणसाची सुटकाही कागदावर येऊन थांबते. 21 मे 2008 च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा संपल्यावर आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्यावर एका महिन्यात माणसाला परत पाठवावे, असे त्या करारात आहे. ही खात्री कशी पटते? तुरुंगात त्याने सांगितलेले नाव आणि गाव इथल्या पाड्यावरच्या आधारशी, रेशन कार्डाशी, शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहतात. तिकडे उर्दूत लिहून घेतलेले नाव इकडच्या इंग्रजी नोंदीशी जुळावे लागते. घरात नीट कागद असेल तर बायकोचे आणि आईचे हेलपाटे कमी होतात. म्हणजे ज्या नोंदीमुळे एखाद्याचे विमानतळावरचे फाटक उघडते, तशाच नोंदीमुळे दुसऱ्याचा वाघा सीमेवरून घरी यायचा मार्ग मोकळा होतो. विमानप्रवाशाची आणि खलाशाची गोष्ट एकाच पुस्तकात का हवी, याचे उत्तर इथे आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही हे आता उमजू लागले आहे. ब्रिटनने 2024 च्या अखेरीस राहण्याच्या परवान्याचे प्लास्टिकचे कार्ड मागे टाकून ई-व्हिसा आणला. तिथे शिकणाऱ्या मुलाच्या हातात दाखवायला वस्तू उरली नाही, उरली ती संगणकातली नोंद. युरोपातल्या शेंगेन देशांनी 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे नोंदवायला सुरुवात केली. 180 दिवसांतले 90 दिवस आता यंत्र मोजते. नातवंडांना भेटायला गेलेल्या आजी-आजोबांना ते दिवस बोटांवर मोजून चालत नाही. फळाचीही तीच तऱ्हा. डहाणू घोलवड चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2021 मध्ये तो या ओळखीनिशी ब्रिटनला गेला. बागेतून निघालेल्या पेटीला आपले गाव सिद्ध करणारा कागद लागतो.

या पुस्तकाकडे वाचकाने काही प्रश्न हातात ठेवून यावे, असे मला वाटते. पहिला: नकाराचे कारण कोण सांगणार? यंत्राने अडवलेल्या माणसासमोर निर्णय बदलण्याचा अधिकार असलेला जिवंत अधिकारी हवा, आणि त्याने कारण प्रवाशाला कळेल अशा भाषेत लिहून द्यायला हवे. दुसरा: दिलेला चेहरा जातो कुठे? माहिती ज्या कामासाठी घेतली तेवढ्यापुरतीच वापरावी, ही अपेक्षा 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामागे आहे. ती सरकारी यंत्रणांनाही लागू असावी, असा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे. तिसरा: ऐच्छिक ते खरोखर ऐच्छिक राहील का? चेहरा न देणाऱ्याची रांग मुद्दाम लांब ठेवली, तर निवड नावापुरती उरते. या भूमीला तर हे अधिक कळायला हवे. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली 1945 मध्ये इथल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवला की काय होते, हे त्या पिढीने भोगले होते. काय लिहिले आहे हे कळल्याशिवाय ठसा देऊ नये, हा धडा पडद्यावरच्या ‘मान्य आहे’ या बटणालाही लागू आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पहिल्या नोंदीचा. त्याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीत आल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. त्या अनुभवातून उभी राहिलेली अंगणवाडीची कल्पना देशभर गेली. ओळखपत्रांचे कामही त्याच रीतीने व्हायला हवे. जन्माची नोंद, नावातली दुरुस्ती, ठसे झिजलेल्यांसाठी पर्याय, पासपोर्टाचा अर्ज, खलाशाचे ओळखपत्र ही कामे माणसाने मजुरी बुडवून तालुक्याला चार खेपा घालून करायची नाहीत. यंत्रणेने पाड्यावर येऊन, त्याच्या बोलीत विचारून, लिहिलेले त्याला वाचून दाखवून करायची आहेत.

पुढील लेखांत विमानतळ, चिप, कॅमेरे, उपग्रह यांची सविस्तर माहिती येईल. ती कुतूहलाने वाचावी, कारण त्यामागची बुद्धी आणि मेहनत मोठी आहे. पण कोणत्याही देशाचे डिजिटल तंत्र किती पुढे गेले, याचे माप मी त्याच्या सर्वांत झगझगीत टर्मिनलवर घेणार नाही. ज्याचे नाव पहिल्यांदाच कुठेतरी लिहिले जात आहे, त्याचे ते बरोबर लिहिले गेले का आणि चुकले तर कुठल्या दारी जाऊन दुरुस्त होते, हे माझे माप आहे. तलासरीच्या एखाद्या पाड्यावर ते काम नीट झाले, तर मुंबईचे दार त्या माणसासाठीही इतरांइतक्याच सहज उघडेल. तिथे हयगय झाली, तर जगातला कोणताही कॅमेरा ती भरून काढू शकणार नाही.